चोवीस इंची झाकण

ठिणगी हा कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला वेल्डर होता. बस डेपोच्या मागे त्याचं दहा बाय बाराचं दुकान: एक वेल्डिंग मशीन, एक ग्राइंडर, भिंतीला टेकवलेल्या सळया आणि वर झोपण्यापुरता माळा. फाटकं, खिडक्यांचे गज, शटरं, सायकलींचे मोडलेले दांडे, जे येईल ते तो जोडून द्यायचा. उडालेल्या ठिणग्यांनी त्याच्या प्रत्येक शर्टाला बारीक बारीक भोकं पडलेली असायची, त्यावरून हे नाव पडलं. खरं नाव मतदारयादीत होतं आणि ते तिथेच राहिलं.

शर्टाची भोकं रफू करायची त्याची ताई. ती त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले तेव्हा ती सतरा वर्षांची आणि हा सात. तिने शिवणयंत्राच्या पायट्यावर पाय ठेवला तो ठिणगीची शाळा, त्याची आजारपणं आणि त्याचं वेल्डिंगचं मशीन हे सगळं पार पडेपर्यंत खाली काढला नाही. लग्न दोघांचंही राहून गेलं. तिचं जबाबदारीमुळे, याचं आळसामुळे. दोन गल्ल्या पलीकडे तिचं शिवणकामाचं दुकान होतं, दुकानामागे एक खोली आणि स्वयंपाकघर. दुपारी एक आणि संध्याकाळी आठ या दोन वेळांना ठिणगी तिथे जेवायला हजर असायचा. कामाच्या ढिगाखाली असला तरी एकला दहा मिनिटं कमी असताना त्याचा हात आपोआप मशीनच्या बटणाकडे जायचा. एवढंच त्याचं वेळापत्रक होतं आणि ते त्याला पुरत होतं.

एका सकाळी कचऱ्याची गाडी ताईच्या दुकानासमोर मागे घेताना गटाराच्या झाकणावर चढली. झाकणाचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही आत गेले. रस्त्यात दोन फूट रुंद, माणूसभर खोल भोक उरलं. ताईने एक बांबू आणून त्यात उभा केला, टोकाला लाल अस्तराची चिंधी बांधली आणि ठिणगीला बोलावून घेतलं.

"याला झाकण कर," ती म्हणाली. "आणि कड्या माझ्या हातात मावतील एवढ्या कर. नाहीतर सफाईवाला आला की उघडायला तुला हाका मारत बसावं लागेल."

ठिणगीने तिच्या तळव्याचं माप घेतलं आणि संध्याकाळपर्यंत झाकण तयार केलं. जाड, उठावदार नक्षीची लोखंडी चेकर प्लेट, चोवीस इंच गोल, खाली अँगलची फुली आणि वर दोन कड्या. वेल्डिंगची ओळ संपली की शेवटी दोन ठिपके द्यायची त्याची सवय होती. ते त्याने इथेही दिले. हातगाडीवर घालून तो झाकण गल्लीत घेऊन आला, एक कडी हातात धरून वाकला, आणि मागून आवाज आला, "थांबा!"

नगरपालिकेचा निरीक्षक होता. हा माणूस गल्लीत चार वर्षांत कुणाला दिसला नव्हता. पण कुठे काही दुरुस्त होऊ लागलं की त्याला वास यायचा.

"परवानगी आहे?"

"कशाची?"

"भोक नगरपालिकेचं आहे."

"मग नगरपालिकेने बुजवावं."

"बुजवेल ना. पण खाजगी माणसाने सरकारी भोकाला हात लावायचा नाही. उद्या म्हणाल, भोक माझंच आहे."

परवानगी सर्वसाधारण सभेत मिळायची, आणि विषय मांडायचा तो वॉर्डाच्या नगरसेवकाने. वॉर्डाचे नगरसेवक सहा वर्षांपूर्वी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीच्या गावी गेले होते. तिथली हवा त्यांना मानवली होती. ते तिथूनच निवडून येत.

"तूच उभा राहा," ताई म्हणाली. हातातल्या पँटला पट्टी चालू होती, तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

"अगं ताई, मला चारचौघांत बोलता येत नाही."

"बोलायला कोण सांगतंय? झाकण दाखव."

तर ठिणगीने झाकण दाखवलं. हातगाडीवर ते उभं करून तो दारोदार फिरला. लोक विचारायचे, काय रे हे? तो म्हणायचा, झाकण. एवढाच प्रचार. जुने नगरसेवक मात्र जोरात उतरले. मुलीच्या गावाहून आले, वरच्या मजल्यावरच्या मतदारांना हात हलवत हलवत, मागे मागे चालत ताईच्या गल्लीतून निघाले आणि बांबूला धडकून भोकात गेले. लागलं काही नाही. पण हाडाचे वक्ते असल्याने त्यांनी भाषण थांबवलं नाही, आतूनच पूर्ण केलं. वॉर्डाच्या विकासाबद्दलचे विचार रस्त्याखालून येताना ऐकून मतदारांचं मत काय व्हायचं ते झालं. ठिणगी एकेचाळीस मतांनी निवडून आला.

निकाल लागला तसा तो कुणाच्या खांद्यावर वगैरे बसला नाही. दुकानात गेला, झाकण हातगाडीवर घातलं आणि थेट गल्ली गाठली. या वेळी नगरपालिकेचे हेडक्लार्क नियमांचं पुस्तक छातीशी धरून धावत आले. त्यांना धाप लागली होती. त्यांनी आधी नियम वाचला आणि मग श्वास घेतला.

"सदस्याने स्वतः तयार केलेली कोणतीही वस्तू नगरपालिकेच्या कामी वापरल्यास त्याचं सदस्यत्व रद्द होतं."

"पण मी फुकट देतोय."

"फुकट दिलीत तर ती लाच होते."

"कुणाला?"

"नगरपालिकेला."

ठिणगीने कपाळ पुसलं. "बरं, मी राजीनामा देतो आणि बसवतो."

"राजीनामा दिलात की तुम्ही खाजगी झालात. खाजगी माणसाने सरकारी भोकाला..."

"माहीत आहे! मग बसवायचं तरी कुणी?"

"प्रक्रियेने," हेडक्लार्क म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं.

झाकण पुन्हा दुकानात दाराआड जाऊन उभं राहिलं. ठिणगी ताईला म्हणाला, "पंधरा दिवसांत होतं बघ."

प्रक्रियेचं असं होतं. नवीन झाकण मूळ झाकणाच्या मापाचं हवं. मूळ झाकण गटारात. ते काढायचं तर आत माणूस उतरवायला हवा, आणि माणूस उतरवायचा तर भोक उघडण्याचा आदेश हवा. कारण नोंदवहीत त्या भोकावर झाकण होतं, म्हणजे ते बंद होतं. ते उघडं आहे हे सिद्ध करायचं तर आधी... असो. ठिणगीने हे सगळं ताईला एकदा जेवताना समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिने त्याला वाढायचं थांबवून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

पंधरा दिवसांचे आठ महिने झाले. चिंधी उन्हाने विटली की ताई ती बदलायची. एका सकाळी बदलताना तिचा पाय काठावरून घसरला आणि घोटा मुरगळला. उजवा. पायट्याचा.

त्या दुपारी ठिणगी एकला हजर झाला, तेव्हा ताई खुर्चीत बसली होती. पायाला जाड पट्टी होती आणि मशीन बंद होतं. ते मशीन दिवसा बंद असलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याचं ताट वाढलेलं होतं. तो बसणार एवढ्यात ती म्हणाली, "कधी?"

"पंधरा दिव..."

"पुरे!" ताई ओरडली. ती ओरडू शकते हेच त्याला माहीत नव्हतं. "आता झाकण बसेल त्या दिवशी इथे जेवायचं. तोवर माझ्या ताटाला हात लावायचा नाही."

ठिणगी भरल्या ताटावरून उठला. त्याला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवसापासून तो त्या गल्लीतच गेला नाही. डेपोच्या खानावळीत जेवू लागला. दुपारी एकला दहा मिनिटं कमी असताना त्याचा हात बटणाकडे जायचा आणि हवेतच थांबायचा.

पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर दिवाबत्ती होती. ठिणगी उठला, त्याने टेबलावर मूठ आपटली आणि ओरडला, "माझ्या ताईचा पाय मुरगळला!" सभागृह चिडीचूप झालं. खरोखर घडलेल्या गोष्टीबद्दल तिथे कुणी कधी बोललं नव्हतं. यावर काय करायचं ते कुणालाच कळेना, म्हणून एक समिती नेमली आणि ओरडला तो अध्यक्ष झाला.

समितीने शहरातली तीनशे बारा भोकं पाहिली. इतर सदस्यांची अपेक्षा दोन खंडांच्या अहवालाची होती. ठिणगीने तो स्वतः लिहिला. त्यात दोन ओळी होत्या. "भोकं आहेत. झाकणं नाहीत." लोकांनी अहवाल डोक्यावर घेतला. वर्तमानपत्रांनी तो पहिल्या पानावर संपूर्ण छापला आणि तरी जागा उरली म्हणून शेजारी ठिणगीचा फोटो टाकला. हा कुणीतरी मोठा स्पष्टवक्ता आहे असं सगळीकडे झालं. ठिणगीला जास्त बोलता येत नाही, एवढाच त्यातला अर्थ होता.

मग विधानसभेची निवडणूक आली आणि त्याला कुणीतरी सांगितलं की नियम तिथे बदलतात. "तिथे तुमचं झाकण एका दिवसात बसेल." ठिणगीला हे पटलं. वेल्डिंगचंही तसंच असतं, जोड ज्या बाजूने सुटला असेल त्या बाजूने धरावा लागतो. तो उभा राहिला आणि निवडून आला. दुकानाला कुलूप घातलं. एक किल्ली नेहमीच ताईकडे असायची, ती तशीच राहू दिली, आणि तो राजधानीच्या शहरात आमदार निवासातल्या तिसऱ्या मजल्यावर राहायला गेला. नगरसेवक होऊन तोवर सहा वर्षं उलटली होती.

दर रविवारी तो ताईला फोन करायचा. फोन ठरलेला असायचा.

"बसलं का?" ताई विचारायची.

"प्रक्रिया चालू आहे."

ताई फोन ठेवायची.

आमदारकीचं एक वर्ष झालं असेल, आणि एका रविवारी ताईने वेगळाच प्रश्न केला. "जेवायला कधी येतोस?"

ठिणगीला ते झोंबलं. इतक्या वर्षांत ती त्याला कधी टोचून बोलली नव्हती, आणि आता हे! झाकण बसलं नाही हे माहीत असताना, जेवायला कधी येतोस. तो कसाबसा म्हणाला, "येतो ताई. पंधरा दिवसांत." पलीकडे फोन ठेवला गेला. तेव्हापासून दर रविवारी तोच प्रश्न. आणि दर रविवारी ठिणगीला जेवण जायचं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी सरकार पडलं. दोन्ही पक्षांची संख्या अगदी समसमान झाली आणि मधे एकटा ठिणगी उरला. दोन्हीकडचे पुढारी आळीपाळीने त्याच्या खोलीत येऊन खाटेवर बसले.

"काय हवंय तुम्हाला?"

"झाकण."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हा फार पोचलेला गडी दिसतो, असं त्यांना वाटलं. त्यांनी शेती देऊ केली. ठिणगी नको म्हणाला. वनं, पाटबंधारे, शिक्षण, काहीच नको. "झाकण द्या, मी मत देतो." शेवटी एका पक्षाने हात टेकले आणि झाकणाचं स्वतंत्र खातं निर्माण केलं. अशा रीतीने, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला वेल्डर प्रांताचा पहिला छिद्रे व आच्छादन मंत्री झाला.

सातव्या मजल्यावर त्याला दालन मिळालं. पाय रुतेल असा गालिचा, फिरती खुर्ची, आणि दाराशी एक सचिव. सचिव उंच, कडक इस्त्रीचे आणि कधीही घाम न येणारे. ठिणगीने पहिल्याच सकाळी पहिलाच आदेश लिहिला: ताईच्या दुकानासमोरचं भोक ताबडतोब बुजवा. सचिवांनी तो दोन बोटांत धरून वाचला.

"साहेब, हे भोक बुजवता येणार नाही."

"का?"

"ते भोक क्रमांक एक आहे. आपल्या विभागाची स्थापना त्यावर झाली. प्रांतातली सगळी भोकं त्याच्या मापाने मोजायची असा निर्णय झालाय. ते मानक छिद्र आहे. ते बुजवलं तर बाकीची भोकं कशाच्या आधारे भोकं म्हणायची?"

ठिणगीने त्यांच्याकडे पाहिलं. आपल्याला ताप आहे का, हे पाहायला कपाळावर हात ठेवणारं इथे कुणी नाही, हे त्याला फार जाणवलं.

विभाग जोरात चालला. दोनशे चौदा माणसं कामाला लागली. मानक छिद्राची लाकडी प्रतिकृती दालनात काचेच्या पेटीत ठेवली गेली. चोवीस इंची झाकणं हजारोंनी निघाली आणि गावोगाव गेली. गावोगावची भोकं लहानमोठी असल्याने ती कुठेच बसेनात, तेव्हा भोकं झाकणाच्या मापाची करून देणारं एक पथक नेमलं. त्यात काही ठिकाणी, जिथे भोक नव्हतं तिथेही, आलेलं झाकण परत कसं पाठवायचं म्हणून भोक पाडलं गेलं. ठिणगी सह्या करत राहिला. आपण एकेक नियम सोडवत ताईच्या दाराकडे सरकतोय, असं त्याला रोज वाटायचं.

दर तीन महिन्यांनी निरीक्षकाचा अहवाल यायचा. सोबत गल्लीच्या तोंडावरून काढलेला फोटो: दूरवर बांबू, त्यावर लाल चिंधी. खाली शेरा, "स्थिती जैसे थे." हे फोटो ठिणगी खणात जपून ठेवायचा. फोटोच्या कडेला ताईच्या दुकानाची अर्धी पाटी यायची. एकदा तर दारात कुणीतरी बसलेलं पुसट दिसत होतं. तो फोटो त्याने भिंगाखाली धरून किती वेळ पाहिला. त्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं की आपल्या एकाही शर्टाला आता भोक नाही. पांढरेशुभ्र, कडक, सहा डझन. मंत्र्याला याचं वाईट वाटावं हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण त्याला वाईट वाटलं.

विभागाला तीन वर्षं पूर्ण झाली तेव्हा सचिवांनी नियम एकोणीस काढला. दर तीन वर्षांनी खुद्द मंत्र्यांनी मानक छिद्राचं माप घ्यायचं.

"हा नियम कुणी केला?" ठिणगीने घाबरून विचारलं.

"आपण, साहेब. सही आपली आहे."

पळवाट नव्हती. चार गाड्या निघाल्या. रस्ताभर ठिणगी ताईला काय म्हणायचं ते मनात जुळवत होता. प्रत्येक वाक्यात 'प्रक्रिया' यायची आणि तो ते सोडून द्यायचा. गल्लीच्या तोंडाशी गाड्या थांबल्या, पुढे त्या मावत नव्हत्या. दुपारचा एक वाजायला आला होता. ठिणगी चालू लागला. मागून सचिव, त्यांच्या हातात पितळी टेप, त्यामागे नोंदवही घेतलेला कारकून. लोक आपापल्या पायऱ्यांवर उभे होते, पण कुणी बोलत नव्हतं. दूधवाला आपल्या चपला निरखत होता. पेन्शनर हेडमास्तर आकाशाकडे बघत होते, आणि आकाशात काहीही नव्हतं.

बांबू जवळ आला. चिंधी नवी, लालभडक. पण बांबू भोकात नव्हता. तो एका रंगाच्या डब्यात उभा होता. डब्यात सिमेंट ओतून घट्ट बसवला होता. डब्याखाली पोतं अंथरलेलं होतं. ठिणगीने डबा दोन्ही हातांनी बाजूला सरकवला आणि पोतं ओढलं.

खाली झाकण होतं. चेकर प्लेट, दोन कड्या, कडेने फिरलेली वेल्डिंगची ओळ आणि तिच्या शेवटी दोन ठिपके.

तो त्यावर उभा राहिला. झाकण 'खडळ' असं वाजलं.

"वाजतं ते," दारातून आवाज आला. "सायकल गेली की दचकायला होतं."

ताई दारात उभी होती. केस सगळे पांढरे झाले होते, चष्म्याची काच जाड झाली होती. गळ्यातला मापाचा टेप तोच होता.

"ताई," ठिणगी म्हणाला. "हे कधी?"

"चार वर्षं झाली. हेडमास्तर पेपर वाचत वाचत कमरेपर्यंत आत गेले, तेव्हा म्हटलं पुरे झालं. तुझ्या दुकानाची किल्ली होतीच माझ्याकडे. दूधवाला, हेडमास्तर आणि मी. जुन्या दारावर घालून ओढत आणलं. कड्या हातात मावत होत्या, मग काय, अर्ध्या तासाचं काम."

"अगं पण मी तेव्हा मंत्रीसुद्धा नव्हतो!"

"हो ना. नंतर रेडिओवर ऐकलं की या भोकासाठी तुझं खातं काढलंय. तो निरीक्षक दर तीन महिन्यांनी कोपऱ्यावरून फोटो काढून जातो, पुढे काही येत नाही. चिंधी दिसली नाही तर तुझी नोकरी जाईल म्हणून बांबू उभा केला. दर महिन्याला नवी लावते."

"मला सांगायचं नाही का गं?"

"फोनवर सांगितलं असतं तर तू त्याचीही फाइल केली असतीस. म्हटलं, येईल आणि डोळ्यांनी बघेल. दर रविवारी विचारत तर होते, जेवायला कधी येतोस म्हणून."

ठिणगीला भर गल्लीत, दोनशे चौदा माणसांचा मंत्री असताना, रडू फुटलं. चार वर्षांचे सगळे रविवार त्याच्या डोळ्यांसमोरून गेले. "मला वाटलं टोमणा मारतेस," तो म्हणाला. "तूच म्हणालीस ना, झाकण बसेपर्यंत..."

"जेवू नको म्हटलं होतं," ताई म्हणाली. "येऊ नको कुठे म्हटलं होतं रे?"

ती वळून आत गेली. ठिणगी तिच्यामागे गेला. मशीनच्या बाजूने, खोलीतून, स्वयंपाकघरात. टेबलावर दोन ताटं होती. दोन्ही वाढलेली.

"आज मी येणार हे कळलं होतं तुला?"

"नाही. झाकण बसलं त्या दिवसापासून मांडते. एक वाजून गेला की संध्याकाळसाठी झाकून ठेवते."

तो बसला. भाजी बटाट्याची होती. त्याने एक घास घेतला आणि मग मान वर न करता खात राहिला. ताई त्याच्या शर्टाकडे बघत होती.

दाराशी खोकल्याचा आवाज झाला. सचिव उंबरठ्याबाहेर उभे होते. मागे कारकून पेन उघडून तयार होता. सचिवांच्या कपाळावर घाम आला होता.

"साहेब, माप?"

ठिणगीने पुढचा घास चावून संपवला. "लिहा. शून्य."

"साहेब, क्रमांक एक शून्य भरलं तर बाकी सगळी शून्य होतात. विभागच राहत नाही. शिवाय झाकण आपण बनवलेलं. सदस्यत्वही..."

"शून्य लिहा," ठिणगी म्हणाला. "बसवणारी, माझी बहीण. बनवणारा, मी. द्या इकडे, सही करतो."

त्याने ताटावरून न उठता डाव्या हाताने वही ओढली आणि सही केली. सहीच्या शेवटी दोन ठिपके दिले. ताईने बटाट्याची भाजी पुन्हा वाढली.

विभाग बुजायला सात महिने लागले, कारण त्यालाही प्रक्रिया होती. ठिणगी मात्र आठवड्यातच परत आला. दुकानाचं कुलूप गंजलं होतं, ते त्याला कापावं लागलं. हात मऊ पडले होते. पहिल्या फाटकाची ओळ इतकी वाकडी आली की त्याने ती घासून पुन्हा घातली. चौथ्या दिवशी शर्टाला पहिलं भोक पडलं. तो ते जेवताना ताईला दाखवायला घेऊन गेला आणि तिने ते चष्मा वर करून, कौतुकाने पाहिलं.

एवढ्यात बाहेरून सायकल गेली. खडळ.

"ते वाजणं तेवढं बंद कर बाबा," ताई म्हणाली. "खाली रबराची पट्टी घातली की होईल. कधी करतोस?"

"पंध..." ठिणगी म्हणाला, आणि थांबला. ताई त्याच्याकडे बघत होती. त्याने हातातला घास तोंडात घातला, उठला, हात धुतले आणि पट्टी आणायला गेला.